अजिंक्यताऱ्यावर पाणी नेण्यासाठी विजेची ढकलगाडी : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याकडेला या पावसाळ्यात लावलेल्या रोपांना फेब्रुवारीपासून पाणी घालावे लागेल. पाणी वर नेण्याचे काम यंदा सायकलनेच करायचे, असे ठरवले आहे. १० लिटरचे दोन कॅन म्हणजे २० किलो वजन होते. कॅरियरला बांधलेले एवढे वजन सपाटीवर सहज जाते, पण बोगद्याच्या बाजूने गडाकडे चढणाऱ्या रस्त्यावर पायांना ते झेपत नाही आणि सायकलचा तोलही बिघडवते.

घरातली सायकल वडिलांची आहे. ती २८ इंची, रॉड ब्रेकची आणि कॉटर पिनच्या पायडलची असून आजही उत्तम चालते. तिच्या सांगाड्याला भोक पाडायचे नाही आणि मागचे चाक बदलायचे नाही, ही या कामाची पहिली अट आहे. म्हणून मोटर सायकलवर न बसवता मागे जोडायच्या ट्रेलरच्या चाकात बसवायची. ट्रेलर सायकलला मागून ढकलेल, पाणीही त्याच ट्रेलरवर असेल, आणि पाण्याचे वजन मोटरच्या चाकावर पडल्यामुळे त्या चाकाची रस्त्यावरची पकड वाढेल. सपाटीच्या कामाला ट्रेलर सोडून ठेवला की सायकल पुन्हा होती तशी होईल.

कायद्याची चौकट पहिल्या दिवशीच लिहून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बॅटरीवरचे वाहन मोटार वाहनात मोजले जाऊ नये, तर मोटरची ३० मिनिटांची (म्हणजे सलग अर्धा तास देता येणारी) शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असावे लागते. शिवाय ब्रेक असावा लागतो, तसेच पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक लागतो. पायडलला साहाय्य करणाऱ्या मोटरच्या बाबतीत पायडल थांबताच मोटरही थांबली पाहिजे. या अटी डोळ्यांसमोर ठेवूनच रचना करणार आहे.

२४ नोव्हेंबर

ऊसवाहतूक सुरू झाली आहे. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उतारावर ब्रेक लावतो, तेव्हा मागची वजनदार ट्रॉली पुढच्या जोडाला रेटते. जोड किंचित वाकडा असेल तर ती त्याला आणखी वाकडे करू पाहते, हे महामार्गावर उभे राहून नीट पाहिले. ढकलणाऱ्या ट्रेलरचा सगळा प्रश्न याच जोडात आहे. ओढताना जोड ताणला जातो आणि ताण त्याला आपोआप सरळ करतो. ढकलताना जोड दाबला जातो, आणि दाबाखालचा जोड स्वतःहून कधीच सरळ होत नाही. मोटर आणि बॅटरी बाजारात तयार मिळतात. हा जोड मात्र आपल्यालाच घडवावा लागणार आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यायचा.

ट्रेलर १०० न्यूटन बलाने ढकलत असेल आणि जोडातला कोन ३० अंश असेल, तर त्यातले ५० न्यूटन सायकलचा मागचा भाग आडवा सारण्यात जातात. ते बल सीटखालच्या नळीवर, म्हणजे जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर लागले, तर सायकल पाडू पाहणारे आघूर्ण (बल गुणिले उंची) ४५ न्यूटन-मीटर होते. मागच्या आसाच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटरवर लागले, तर ते साडेसतराच्या आसपास राहते. सीटच्या नळीला जोडणे सर्वांत सोपे असले तरी ढकलणाऱ्या ट्रेलरसाठी ती जागा बाद केली आहे.

दोन चाकांचा ट्रेलरही बाद केला. त्यात मोटर एकाच चाकात बसते, त्यामुळे जोर मधल्या रेषेपासून बाजूला लागतो आणि ट्रेलर सायकलला सतत एका बाजूला वळवत राहतो. म्हणून चाक एकच असेल आणि ते बरोबर मध्यरेषेवर असेल. एकचाकी ट्रेलर सायकलबरोबर कलतो, त्यामुळे वळणावर कॅनही त्याच कलाने राहतील.

८ डिसेंबर

कागदावरची मापे पक्की झाली. सायकलच्या मागच्या आसाच्या दोन्ही टोकांना पकडणारा, चाकाला वेढा घालून मागे येणारा एक दुहेरी दांडा असेल. त्याच्या मागच्या टोकाला, टायरपासून शक्य तितक्या जवळ, म्हणजे आसापासून ४२ सेंटिमीटरवर, डावी-उजवीकडे वळण्याचा उभा सांधा येईल. वर-खाली होण्याची हालचाल आसाच्या टोकांवरच होईल. म्हणजे ट्रेलर वळेल आणि खड्ड्यांनुसार वर-खाली होईल, पण सायकलपासून वेगळा कलणार नाही. सांध्यापासून ट्रेलरच्या आसापर्यंत ९० सेंटिमीटर अंतर आहे, आणि मध्ये भाजीचा जाळीदार क्रेट आडवा न बसवता लांबीत बसतो.

वळणावर जोडात प्रत्यक्ष किती कोन होतो, याचा हिशेब मी दोनदा तपासला, कारण गडाच्या रस्त्यावरची तीव्र वळणे चढावरच आहेत आणि नेमका तिथेच मोटरचा जोर हवा आहे. ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर सांध्यातला कोन सुमारे १५ अंश येतो. ३ मीटर त्रिज्येवर तो २५ अंश होतो. रस्त्यावरचे कोणतेही वळण सायकलने ३ मीटरच्या आत घ्यावे लागत नाही. २५ अंशांपुढचा कोन याचा अर्थ एकतर आपण अंगणात गाडी वळवत आहोत, किंवा ट्रेलर सायकलच्या अंगावर येऊ लागला आहे. दोन्ही वेळी मोटर बंदच असली पाहिजे. म्हणून सांध्यावर २५ अंशांवर दाबला जाणारा मायक्रोस्विच बसवायचा आणि तो कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीच्या, ब्रेकच्या तारेला जोडायचा, असे ठरले. ब्रेकची ही तार जोडली गेली की कंट्रोलर तत्काळ जोर काढून घेतो.

शक्तीचा हिशेबही केला. मी ६५ किलो, सायकल २०, ट्रेलर २० आणि पाणी २०, असे एकूण १२५ किलो झाले. ८ टक्के चढावर उताराचे बल ९८ न्यूटन आणि चाकांचा रोध सुमारे १२, असे ११० न्यूटन होतात. ताशी १० किलोमीटरला त्यासाठी साधारण ३०५ वॅट लागतात. त्यातले १०० वॅट मी पायांनी देऊ शकतो. उरलेले २०५ वॅट २५० वॅटच्या मोटरच्या आवाक्यात आहेत.

चाक २० इंची घ्यायचे. जी मोटर २६ इंची चाकात ताशी २५ किलोमीटर देते, तीच २० इंची चाकात १९ च्या आसपास थांबते आणि त्याच प्रमाणात तिचा रेटा वाढतो. मोटर ३० न्यूटन-मीटर आघूर्ण देत असेल, तर २६ इंची चाकावर ९१ न्यूटन आणि २० इंचीवर १२० न्यूटन मिळतात. शिवाय मोटर तिच्या पूर्ण वेगाच्या निम्म्याहून खाली फिरू लागली की वीज उष्णतेत जाऊ लागते, त्यामुळे चढासाठी लहान चाकच योग्य.

२२ डिसेंबर

एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात दिवसभर काम झाले. सांगाडा २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा आहे, जाडी १.६ मिलिमीटर. मिस्त्रींनी साध्या वेल्डिंगऐवजी सीओटू वेल्डिंग सुचवले, कारण इतक्या पातळ पाइपला साध्या रॉडने भोक पडण्याची भीती असते. दुहेरी दांड्यासाठी मात्र गोल पाइप घेतला आणि वाकवताना तो चपटा होऊ नये म्हणून त्यात वाळू भरली.

उभ्या सांध्यासाठी भंगारातून एका जुन्या सायकलचा पुढचा नळा, चिमट्याची दांडी आणि बॉलरेस आणली होती. या सांध्यावर ट्रेलरला कलू न देण्याचा पूर्ण ताण येतो, म्हणून नळा लांब असलेलाच निवडला. मिस्त्री म्हणाले, “सर, हा सांधा उभा राहिला पाहिजे, जरा जरी तिरका बसला तर गाडी एका बाजूला पडत राहील.” मग गुण्या आणि ओळंबा लावून, दोन्ही बाजूंना आधी फक्त टाके मारून, पुन्हा माप घेऊन मगच पूर्ण वेल्डिंग केले. त्यांचा हा आग्रह अगदी योग्य होता.

आसाच्या टोकांसाठी लेथवर दोन लांब नट करून घेतले. नेहमीच्या नटांच्या जागी ते बसतात, त्यांच्या बाहेरच्या भागावर दांड्याचे पितळी बुश फिरते आणि टोकाला पिन बसते. सायकलला कायमचा बदल एवढाच, आणि तोही पान्याने पाच मिनिटांत काढता येणारा.

५ जानेवारी २०२५

मोटर येण्याआधीच जोडाची परीक्षा घेतली. ट्रेलरमध्ये साधे चाक आणि क्रेटमध्ये भरलेले दोन कॅन होते. ट्रेलरच्या आसाला दोर बांधला, दोरात सामान मोजायचा लटकता काटा अडकवला, आणि पुतणीने तो दोर धरून ट्रेलरच्या बाजूने पुढे चालायचे, असे ठरले. दोर ट्रेलरला पुढे ओढतो आणि ट्रेलर सायकलला ढकलतो, त्यामुळे मोटरशिवायच खरा रेटा मिळतो. काट्यावर १० किलो दिसले की तो सुमारे ९८ न्यूटन रेटा असतो.

सरळ रस्त्यावर १० किलोच्या रेट्यानेही सायकल स्थिर चालली. वळणावर ५ किलोपर्यंत काहीच जाणवले नाही; १० किलोला सीटखालून कुणीतरी बाजूला सारत असल्यासारखे वाटले, पण हँडल थोडे वळवून ते सावरता आले. त्यानंतर मैदानाच्या कडेच्या सुट्या खडीवर तेच केले. तिथे चित्र बदलले. सायकलचे मागचे चाक खडीवरून बाजूला सरकू लागले, आणि पुतणीने दोर सोडताच ते लगेच थांबले. तीच म्हणाली, “काका, मी सोडलं तेव्हा तुम्ही काहीच केलं नाहीत, तरी गाडी आपोआप सरळ झाली.” हे निरीक्षण मोलाचे आहे. रेटा काढून घेणे हाच जोड सरळ करण्याचा उपाय आहे, आणि तो चालकाच्या बोटांवर सोडण्यापेक्षा स्विचवर सोपवणे अधिक सुरक्षित आहे. कोनाचा स्विच बसवल्याशिवाय मोटर जोडायची नाही, हे त्या संध्याकाळी निश्चित केले.

एक गोष्ट आणखी मोजली. ट्रेलरचे चाक जमिनीवर रेटा देते आणि सायकल तो आसाच्या उंचीवर अडवते, त्यामुळे ट्रेलरचे तोंड वर उचलले जाऊ पाहते. १०० न्यूटनला हे उचल-बल सुमारे २७ न्यूटन येते. क्रेट सांधा आणि चाक यांच्या मध्ये असल्यामुळे २० किलोतले सुमारे ८ किलो सायकलच्या आसावर आणि १२ किलो ट्रेलरच्या चाकावर पडतात. म्हणजे भरलेल्या ट्रेलरचे तोंड उचलले जाणार नाही, आणि उलट तेवढा भार मोटरच्या चाकावर जाऊन पकड सुधारेल.

१९ जानेवारी

मोटर आली. आत दातेरी चक्रे असलेली, ३६ व्होल्ट, २५० वॅटची ही हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर, आहे आणि तिच्यावर डिस्क ब्रेकची चकती बसवण्याची सोय आहे. या जातीची मोटर बंद असताना मोकळी फिरते, त्यामुळे बॅटरी संपली तरी ट्रेलर ओढायला जड जात नाही. उतारावर वीज परत मिळवण्याची सोय तिच्यात नाही, पण तशी सोय असलेली मोटर जवळपास दुप्पट वजनाची असते आणि आमचा माल वर जातो, खाली येताना कॅन रिकामे असतात.

हबची चकती मोठी आणि रिम लहान असल्यामुळे आरे फार आखूड लागले. ते एकदाच ओलांडून विणले; जास्त वेळा ओलांडले तर रिमच्या भोकात आरा तिरका बसून निप्पलपाशी तुटतो.

मोटरचा आस गोल असला तरी त्याच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात, आणि त्यांतले अंतर १० मिलिमीटर असते. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तितक्याच जोराने आस मागे फिरू पाहतो. पातळ पत्र्यात तो खाच रुंद करतो, निसटतो आणि गोल फिरून तारा पिळून तोडतो. म्हणून आसाच्या बैठका ८ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीच्या केल्या आणि खाच कानशीने हळूहळू वाढवत आस घट्ट सरकेल इतकीच ठेवली. नट ४० न्यूटन-मीटरला आवळले. सायकलच्या चिमट्यात मोटर बसवणाऱ्यांना ही जाडी मिळत नाही. स्वतःचा ट्रेलर बांधण्याचा हा फार मोठा फायदा आहे.

२ फेब्रुवारी

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची केली. ३.२ व्होल्ट आणि ६ अँपियर-तासाचे २४ सेल घेऊन १२ ओळीत आणि २ समांतर जोडले. त्यातून ३८.४ व्होल्ट, १२ अँपियर-तास, म्हणजे सुमारे ४६० वॅट-तास मिळतात. याच वजनात दुसऱ्या जातीच्या लिथियम सेलमध्ये अधिक वीज साठते हे खरे आहे, पण हे सेल उष्णतेला जास्त सहनशील असतात. बॅटरी साताऱ्याच्या एप्रिलमध्ये उन्हात उभी राहणार असल्यामुळे मला सुरक्षितता अधिक मोलाची वाटली. पूर्ण चार्जला दाब ४३.८ व्होल्ट होतो. कंट्रोलर उघडून त्याच्या कपॅसिटरवर ६३ व्होल्टची मर्यादा लिहिलेली पाहिली आणि मगच तो जोडला. बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपियरचा फ्यूज आहे. पेटी मोटरच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना विभागून ठेवली, म्हणजे कॅन रिकामे असतानाही चाकावर भार राहतो.

सायकलकडे जाणाऱ्या सर्व तारा एकाच जलरोधक कनेक्टरमधून जातात. पायडल फिरते आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर डावीकडे बसवावा लागला, कारण उजवीकडे पूर्ण चेनकव्हर आहे. डाव्या बाजूची चुंबकांची चकती वेगळी मिळते आणि तीच घ्यावी लागते, नाहीतर मोटर उलट पायडलला सुरू होते. रॉड ब्रेकला मोटर बंद करणारा स्विच तयार मिळत नाही. म्हणून ब्रेकच्या सळईवर एक लहान चुंबक आणि हँडलच्या नळीवर रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच) बांधला. ब्रेकचे गुटके रिमला टेकण्याआधीच मोटर बंद होते. जुन्या सायकलवाल्यांना ही युक्ती आवर्जून सांगण्यासारखी आहे.

कंट्रोलरमध्ये प्रवाहाची मर्यादा ९ अँपियर आणि सुरुवात सर्वांत संथ ठेवली आहे. ढकलणाऱ्या गाडीत जोर झटक्याने येता कामा नये.

९ फेब्रुवारी

सपाटीवर मोटरसह पहिली धाव झाली. पायडल मारल्यावर क्षणभराने रेटा हळूहळू येतो आणि पाठीवर वारा असल्यासारखे वाटते. २५ अंशांवर मोटर प्रत्येक वेळी बंद पडली.

२३ फेब्रुवारी

मंगळवार पेठेतून बोगद्याकडे आणि तिथून गडाच्या रस्त्याने रोपांपर्यंत, भरलेले दोन्ही कॅन घेऊन गेलो. चढावर वेग ताशी ९ ते १० किलोमीटर राहिला. वळणांवर रेटा तुटला नाही, म्हणजे कागदावरचा कोनाचा हिशेब रस्त्यावर खरा ठरला. वळण बाहेरच्या बाजूने रुंद घेतले की सांध्यातला कोनही कमी राहतो आणि चढही कमी लागतो. एका ठिकाणी समोरून गाडी आल्यामुळे चढावरच थांबावे लागले. तिथून पुन्हा निघताना आधी दोन पायडल स्वतःच्या बळावर मारून सायकल सरळ करणे आवश्यक आहे. सायकल तिरकी असताना मोटरला जोर देऊ देणे योग्य नाही. वर पोहोचल्यावर मीटरवर ६० वॅट-तासांच्या आसपास खर्च दिसला. मोटरचे कवच हाताला गरम लागत होते, पण हात ठेवता येत होता.

९ मार्च

उतरण्याबद्दल स्वतंत्र नोंद करणे जरूर आहे. उतारावर सायकलचा ब्रेक दाबला की ट्रेलर पुन्हा ढकलू लागतो, आणि त्या वेळी तो कंट्रोलर बंद करून थांबत नाही, कारण हा रेटा ट्रेलरच्या वस्तुमानाचा असतो. भरलेला ४० किलोचा ट्रेलर मध्यम ब्रेकला ८० न्यूटनचा रेटा देतो, रिकामा त्याच्या निम्मा. यावर उपाय म्हणजे आधी ट्रेलरचा ब्रेक लावणे. मोटरच्या चाकावर १६० मिलिमीटरची डिस्क आणि केबलचा ब्रेक बसवला आहे. त्याची मूठ हँडलच्या डाव्या बाजूला आहे. तयार केबल एवढी लांब मिळत नाही, ती दुचाकीच्या केबल बनवणाऱ्याकडून मापाने करून घेतली. ट्रेलरचा ब्रेक लागला की जोड ताणला जातो आणि गाडी सरळ रेषेत येते. त्यानंतर सायकलचा ब्रेक हवा तेवढा वापरता येतो. सोडताना क्रम उलटा, सायकलचा आधी आणि ट्रेलरचा नंतर. हा क्रम पुतणीलाही सरावाने पक्का करायला सांगितला आहे, कारण पुढे तीही गाडी नेणार आहे.

खाली येताना वेग ताशी १५ च्या वर जाऊ देत नाही.

३० मार्च

रोपांना पाणी नियमित जात आहे. डाव्या बाजूच्या पितळी बुशमध्ये थोडी ढिलाई आली होती. तिथे ग्रीस भरण्यासाठी निप्पल बसवले. आरे पुन्हा ताणले, कारण नव्या चाकाचे आरे काही दिवस सैल होत राहतात. मागे उंच काठीवर केशरी झेंडा लावला आहे, कारण ट्रेलर इतका बुटका आहे की चारचाकीच्या चालकाला तो जवळ आल्यावर दिसत नाही.

पुतणीच्या गिअरच्या सायकलचा मागचा आस पोकळ आहे, त्यामुळे लांब नट तिला चालणार नाहीत. तिच्यासाठी आरपार जाणारा वेगळा आस लेथवर करायला दिला असून त्याच्या टोकांचे माप पितळी बुशांइतकेच ठेवले आहे, म्हणजे हाच दांडा दोन्ही सायकलींना लागेल. कनेक्टर आणि कोनाच्या स्विचवर रबरी आवरण जूनच्या आत बसवायचे आहे.